व्हिसाचा सल्ला घेताय? आधी सल्लागाराचे नाव नोंदवहीत पाहा

कोथरूड, पुणे - कर्वे रस्ता असो वा पौड रस्ता, शिकवण्या, बँका आणि सराफी पेढ्यांच्या पाट्यांच्या गर्दीत आणखी एक पाटी हमखास नजरेस पडते. परदेशात शिक्षण, नोकरी आणि कायम वास्तव्य, सारे एकाच छताखाली मिळवून देण्याचे आश्वासन त्या पाटीवर असते. कोथरूडला त्याचे नवल नाही. मुलगी अमेरिकेत, जावई ऑस्ट्रेलियात आणि धाकटा मुलगा कॅनडाच्या तयारीत, अशी घरे मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनीत कितीतरी सापडतील. मुलांच्या परदेशगमनासाठी मुदत ठेव मोडणारे, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढणारे, राहती सदनिका तारण ठेवणारे पालकही येथे दुर्मिळ नाहीत.

असे असूनही एक साधा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. समोर बसलेली व्यक्ती इमिग्रेशनचा सल्ला देण्यास कायद्याने पात्र आहे का? सदनिका घेताना सातबारा आणि शोध अहवाल मागणारा, डॉक्टरांच्या नावापुढील पदवी वाचणारा मध्यमवर्गीय माणूस व्हिसाच्या बाबतीत मात्र भिंतीवरच्या छायाचित्रांवर आणि ओळखीच्या कोणाचे तरी काम झाले या ऐकीव माहितीवर विसंबून काही लाखांचा धनादेश देऊन मोकळा होतो. वास्तविक ही पात्रता तपासण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

एक पाटी, तीन व्यवसाय

‘कन्सल्टन्सी’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवसाय चालतात. त्यांच्यातील फरक ध्यानात न घेतल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो.

पहिला व्यवसाय शैक्षणिक समुपदेशकाचा. विद्यापीठ निवडणे, प्रवेश अर्ज भरणे, निबंध तपासणे हे त्याचे काम. विद्यार्थ्याकडून तो अनेकदा शुल्क घेत नाही. कारण प्रवेश झाला, की परदेशी विद्यापीठ त्याला दलाली देते. यात बेकायदा काही नाही. मात्र ज्या संस्थेकडून त्याला दलाली मिळते तीच संस्था त्याच्या यादीत वर असणार, हे पालकांनी गृहीत धरावे. ‘तुम्हाला कोणत्या विद्यापीठांकडून दलाली मिळते’, असे त्याला स्पष्ट विचारण्यात गैर काही नाही. ऑस्ट्रेलियातील शिक्षणसंस्थांवर तर आपल्या अधिकृत एजंटांची यादी प्रसिद्ध करण्याचे कायदेशीर बंधन आहे. त्या यादीत संबंधित समुपदेशकाचे नाव आहे की नाही, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

दुसरा व्यवसाय नोकरभरतीचा. परदेशातील मालकासाठी येथून माणसे निवडून पाठविणारा हा एजंट भारतीय कायद्याच्या कक्षेत येतो.

तिसरा व्यवसाय इमिग्रेशन सल्लागाराचा. कोणत्या प्रवर्गात अर्ज करावा, गुण कसे मोजले जातात, नकार आल्यास पुढे काय करावे, हे सांगण्याचे काम त्याचे. न्यूझीलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत हा वकिली किंवा सनदी लेखापालासारखा नियमांनी बांधलेला व्यवसाय मानला जातो. भारतात मात्र या सल्ल्यासाठी स्वतंत्र केंद्रीय परवाना नाही. दुकान परवाना, जीएसटी क्रमांक किंवा कंपनीची नोंदणी ही व्यवसाय चालविण्याची कागदपत्रे आहेत. सल्ला देण्याच्या पात्रतेचा ती पुरावा नव्हेत. म्हणूनच पात्रता तपासायची ती ज्या देशात जायचे त्या देशाच्या नोंदवहीत.

आपल्याकडील कायदा काय सांगतो?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यांना १९८३चा एमिग्रेशन कायदा लागू होतो. या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही अशी भरती करता येत नाही. हे बंधन केवळ आखाती देशांपुरते आहे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. युरोप वा कॅनडातील नोकरी देऊ करणाऱ्यालाही ही नोंदणी आवश्यक आहे.

नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. बेकायदा एजंटांची यादीही तेथेच प्रसिद्ध केली जाते. सेवाशुल्कालाही मर्यादा आहे. मंत्रालयाच्या सूचनेनुसार नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५ हजार ४०० रुपये घेता येतात आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘युरोपात गोदामात नोकरी, खर्च सहा लाख’, असे कोणी सांगू लागला, तर तेथेच संभाषण थांबविणे उत्तम.

महाराष्ट्रासाठी या कायद्याची अंमलबजावणी पाहणारे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांचे कार्यालय मुंबईत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘विदेश भवना’त परराष्ट्र मंत्रालयाची मुंबईतील कार्यालये एकत्र आणण्यात आली.

कायद्याची एक दुबळी बाजूही आहे. विनानोंदणी भरतीबद्दल त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच शिक्षा सांगितली आहे. लाखोंच्या उलाढालीपुढे हा दंड नगण्य वाटतो. दुसरीकडे, फारशी परिचित नसलेली एक तरतूद पीडितांच्या बाजूची आहे. या कायद्याखालील खटल्यास एरवी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. परंतु परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई-वडील, पती-पत्नी, मुले वा भावंडे यांनी तक्रार केली असेल, तर अशी परवानगी लागत नाही.

पंजाबने २०१२ मध्ये व्हिसा व प्रवास व्यावसायिकांसाठी स्वतंत्र राज्य कायदा करून परवाना सक्तीचा केला. तेथील अनुभव पाहता केवळ कायद्याने फसवणूक थांबत नाही. तरीही निदान परवाना विचारण्याची सवय लोकांना लागते.

कोणत्या देशासाठी कोण पात्र?

न्यूझीलंड : या बाबतीत सर्वांत स्पष्ट कायदा न्यूझीलंडचा आहे. २००७च्या इमिग्रेशन सल्लागार परवाना कायद्याने देशातील सल्लागारांना ४ मे २००९ पासून आणि परदेशातून सल्ला देणाऱ्यांना ४ मे २०१० पासून परवाना आवश्यक झाला. म्हणजेच कोथरूडच्या कार्यालयात बसून न्यूझीलंडच्या निवासी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यालाही तेथील इमिग्रेशन ॲडव्हायझर्स ॲथॉरिटीचा परवाना लागतो. विनापरवाना सल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेथील वकील आणि आणखी काही घटकांना सूट आहे. परदेशात राहून केवळ विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांनाही सूट आहे आणि फसगत होते ती नेमकी येथेच. विद्यार्थी व्हिसासाठी गेलेल्या तरुणाला तोच समुपदेशक पुढच्या नोकरीच्या व्हिसाबद्दल आणि कायम वास्तव्याबद्दल सांगू लागला, की त्याची सूट संपते.

कॅनडा : मोबदला घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील प्रांतिक विधी संस्थांचे सदस्य असलेले वकील वगैरे, क्युबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे. ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून कार्यरत आहे. तिची सदस्यसूची संकेतस्थळावर खुली असून, नावावरून सल्लागाराचा परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे, हे कळते. प्रतिनिधी नेमल्याची नोंद ‘आयएमएम ५४७६’ या नमुन्यावर करावी लागते. एखादा सल्लागार पैसे घेतो. पण त्या नमुन्यावर स्वतःचे नाव लिहिण्यास तयार होत नाही, तर तो पडद्याआडचा सल्लागार होय. अर्ज फसला, तर कागदोपत्री त्याचे अस्तित्वच नसते.

ऑस्ट्रेलिया : नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला सात अंकी क्रमांक दिला जातो. ही नोंदवही ‘ओमारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. मार्च २०२१ पासून तेथील पूर्ण सनद असलेल्या वकिलांना या नोंदणीची आवश्यकता उरलेली नाही. त्यामुळे वकिलाचे नाव या यादीत नसेल, तर ते त्याच्या राज्याच्या वकील सूचीत पाहावे. ऑस्ट्रेलियाबाहेर बसलेल्या सल्लागाराला नोंदणीची सक्ती नाही; मात्र त्याच्याविरुद्ध या कार्यालयाकडे दादही मागता येत नाही. नोंदणीकृत एजंट निवडण्याचा लाभ नेमका हाच.

ब्रिटन : तेथील नियामकाचे नाव जानेवारी २०२५ मध्ये बदलून इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटी असे झाले. सल्लागारांच्या तीन पातळ्या असून, वरच्या पातळीवरील सल्लागारालाच अपिलांसारखी गुंतागुंतीची कामे करता येतात. हा कायदा ब्रिटनमधून दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला लागू होतो. पुण्यातील एजंट ‘आमचे लंडनला कार्यालय आहे’ असे सांगत असेल, तर त्या कार्यालयाचे नाव या सूचीत सापडले पाहिजे.

अमेरिका : तेथे ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ नावाचा अधिकृत वर्ग नाही. कायदेशीर सल्ला वकील किंवा तेथील न्याय विभागाची मान्यता असलेले प्रतिनिधीच देऊ शकतात. वकिलाची सनद त्याच्या राज्याच्या बार संस्थेकडे तपासता येते. दोन गोष्टी पुणेकरांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. ‘एच-१बी’साठी अर्ज मालक करतो, उमेदवार नव्हे; त्यामुळे एच-१बी विकत मिळवून देतो, हे बोलणेच खोटे. ‘ग्रीन कार्ड लॉटरी लागली’ असा निरोप आला, तर तोही खोटाच. अमेरिकेत मोठ्या संख्येने स्थलांतर होणाऱ्या देशांना ही सोडत बंद असते आणि भारतात जन्मलेले त्यामुळे सामान्यतः अपात्र ठरतात.

जर्मनी : जर्मन भाषेच्या वर्गांना पुण्यात मोठी परंपरा आहे, अलीकडे जर्मनीच्या व्हिसाची दुकानदारीही वाढली आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र आवश्यक झाले असून, त्यासाठी विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येतो. निर्वाहासाठी जी रक्कम गोठविलेल्या खात्यात ठेवावी लागते, ती सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठरविण्यात आली. हे खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे असते. ती रक्कम ‘आमच्या खात्यावर भरा, पुढचे आम्ही पाहतो’ असे कोणी सांगत असेल, तर अधिक पुराव्याची गरज नाही.

सही अर्जदाराची, शिक्षाही अर्जदारालाच

एजंटाने पैसे बुडविले, तर ते कालांतराने पुन्हा मिळविता येतात. खोट्या कागदाचा डाग मात्र सहजासहजी जात नाही. अर्जावर सही अर्जदाराची असते आणि ‘यातील सर्व माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापनही त्याचेच असते. अनुभवाचे बनावट पत्र, फुगविलेली बँक शिल्लक किंवा खोटे प्रवेशपत्र एजंटाने परस्पर जोडले असले, तरी परिणाम अर्जदारालाच भोगावे लागतात.

खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडात पाच वर्षे प्रवेशबंदी होते. ऑस्ट्रेलियात बनावट कागदपत्रांमुळे तीन वर्षे, तर ओळख खोटी ठरल्यास दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जातात. अमेरिकेत तर जाणीवपूर्वक केलेली खोटी माहिती कायमच्या अपात्रतेस कारण ठरू शकते. एका देशाच्या नकाराची माहिती दुसऱ्या देशाच्या अर्जातही द्यावी लागते, हे निराळेच.

जालंधर येथून काम करणाऱ्या ब्रिजेश मिश्रा याचे प्रकरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. त्याच्यामार्फत गेलेल्या पंजाबी विद्यार्थ्यांच्या हाती कॅनडाच्या महाविद्यालयांची बनावट प्रवेशपत्रे होती. त्या पत्रांवर व्हिसा मिळाला. कॅनडात उतरल्यावर ‘तुमची जागा गेली, दुसरे महाविद्यालय पाहा’, असे सांगण्यात आले. विद्यार्थ्यांनी अन्यत्र प्रवेश घेतला, शिक्षण पूर्ण केले, नोकऱ्या धरल्या. कायम वास्तव्यासाठी अर्ज केला तेव्हा जुनी कागदपत्रे तपासली गेली आणि २०२३ मध्ये देशाबाहेर काढण्याच्या नोटिसा हाती पडल्या. मिश्रा याला त्याच वर्षी कॅनडात अटक झाली आणि मे २०२४ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे सरकारने प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचे ठरविले. पण आपण फसविले गेलो, फसविले नाही, हे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यांवरच पडला. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्राची संस्थेकडून थेट पडताळणी सुरू केली. ज्यांनी प्रवेशपत्र हाती येताच महाविद्यालयाला एक ई-मेल पाठवून खातरजमा केली असती, त्यांचे सारे पुढचे संकट टळले असते.

केवळ सरकारी यादीत नाव असणेही नेहमी पुरेसे नसते. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी होती. पण ते शिक्षण नव्हे, व्हिसा विकत असल्याचे जानेवारी २०११ मध्ये उघड झाले. तेथील काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांना पाळत ठेवणारी रेडिओ यंत्रे बांधण्यात आल्याने भारतात संताप उसळला. विद्यापीठाच्या संस्थापिकेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. वर्ग भरत नसताना केवळ शुल्क घेऊन व्हिसा टिकवून देणारी संस्था अखेर विद्यार्थ्यालाच अडचणीत आणते, हा त्यातील धडा.

महाराष्ट्रही यापासून दूर नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसर येथे परत आणून सोडले. त्यात बहुसंख्य हरियाना, गुजरात आणि पंजाबचे होते. तीन जण महाराष्ट्राचे होते. त्यानंतर, मार्च २०२५ मध्ये, म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर फसवणुकीच्या केंद्रांतून ५४९ भारतीयांना दोन विमानांनी मायदेशी आणण्यात आले. थायलंडमध्ये संगणकावरील सुखाची नोकरी, असे सांगून तरुणांना तेथे नेले जात होते.

ओळखू येणाऱ्या खुणा

फसवणुकीच्या पद्धती बदलत असल्या, तरी बोलण्याची धाटणी फारशी बदलत नाही.

‘व्हिसा शंभर टक्के मिळणार.’ व्हिसाचा निर्णय केवळ त्या देशाचा अधिकारी घेतो. परवानाधारक सल्लागार यशाची हमी देत नाही.

‘दूतावासात आमची ओळख आहे.’ प्रतिनिधीमार्फत आलेल्या अर्जाला प्राधान्य नाही, असे हे सर्व देश स्वतःच सांगतात. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएससारख्या केंद्रांनाही निर्णयाचा अधिकार नाही. त्यांचे काम कागद आणि बोटांचे ठसे घेण्यापुरतेच.

‘नोकरीचे पत्र विकत मिळेल.’ कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले आहेत. तरीही त्याच गुणांसाठी कोणी प्रस्तावपत्र विकत असेल, तर तो रद्दी विकत आहे. ब्रिटन आणि न्यूझीलंड येथे परदेशी कामगार बोलाविण्यास मान्यता असलेल्या मालकांच्या याद्या सरकारी संकेतस्थळांवर आहेत. त्यात मालकाचे नाव पाहावे. ब्रिटनमध्ये काळजीवाहकांची परदेशातून भरती जुलै २०२५ पासून बंद झाली, हेही ध्यानात ठेवावे.

‘पर्यटक म्हणून जा, पुढचे तेथे पाहू.’ हेतू लपवून केलेला अर्ज ही खोटी माहितीच ठरते.

‘कोऱ्या कागदावर सही करा’, ‘पासवर्ड आमच्याकडेच राहू द्या.’ अर्ज भरून झाल्यावर त्याची संपूर्ण प्रत वाचल्याशिवाय सही करू नये. ऑनलाइन खाते अर्जदाराच्या स्वतःच्या ई-मेल आणि मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असावे. सल्लागाराला आपले स्वतंत्र खाते वापरता येते.

‘पासपोर्ट जमा करा.’ पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. शुल्क वसूल होईपर्यंत तो अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही.

पैसे देण्यापूर्वी

कंपनीचे नव्हे, तर प्रत्यक्ष सल्ला देणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक मागावा. परवाना व्यक्तीला मिळतो, पाटीला नव्हे. भिंतीवरील प्रमाणपत्र एकाचे, सही दुसऱ्याची आणि सल्ला तिसऱ्याचा, हा प्रकार नवा नाही. क्रमांक मिळाल्यावर एजंटाने पाठविलेल्या दुव्यावर न जाता नियामकाचे संकेतस्थळ स्वतः शोधावे आणि तेथे दिलेल्या दूरध्वनीवर वा ई-मेलवर त्या सल्लागाराशी संपर्क साधून ‘पुण्यातील हे कार्यालय तुमचेच का’, अशी विचारणा करावी. दुसऱ्याचा परवाना क्रमांक वापरणारे तोतये अशाच चौकशीत उघडे पडतात.

लेखी करार घ्यावा. सल्लागाराचे शुल्क किती, सरकारी शुल्क किती, अर्ज नाकारला गेल्यास काय परत मिळणार आणि काम कोण करणार, हे त्यात स्पष्ट असावे. सरकारी शुल्क शक्यतो स्वतःच्या कार्डाने, थेट सरकारी संकेतस्थळावर भरावे. उर्वरित रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत कंपनीच्या खात्यात द्यावी, एखाद्या व्यक्तीच्या खात्यात नव्हे. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. त्यामुळे एवढी रोकड मागणारा पहिल्याच दिवशी कायदा मोडतो आहे. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी.

सल्लागाराची गरज खरोखरच आहे का, याचाही विचार व्हावा. सरळसाध्या विद्यार्थी वा पर्यटक व्हिसाचा अर्ज स्वतः भरता येतो. त्याचे नमुने, सूचना आणि कागदपत्रांच्या याद्या संबंधित सरकारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. आधी नकार आला असेल, न्यायालयीन वा वैद्यकीय गुंतागुंत असेल, कुटुंबाचे एकत्रित स्थलांतर असेल, तेव्हा जाणकाराचा सल्ला मोलाचा ठरतो. अशा वेळी तो परवानाधारकाचाच असावा.

व्हिसा हाती आल्यावर त्याचीही पडताळणी करावी. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ‘व्हेवो’ या सरकारी सेवेवर विनाशुल्क तपासता येतो. प्रवेशपत्र असेल, तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला थेट विचारावे.

फसवणूक झालीच तर

लाजेपोटी गप्प बसणे हे एजंटांचे सर्वांत मोठे बळ असते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तक्रार लांबते, कार्यालयाला कुलूप लागते आणि त्याच पद्धतीने दुसरी घरे फसतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील, तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. त्याचबरोबर जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतात आणि फसवणूक करून मालमत्ता उकळल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागू राहते. तक्रारीसोबत करार, पावत्या, बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि भेटींच्या तारखा जोडाव्यात. मोबाइलमधील संभाषण पुसून टाकू नये.

नोकरीच्या नावाखाली फसवणूक झाली असेल, तर ई-मायग्रेट संकेतस्थळावर तसेच परराष्ट्र मंत्रालयाच्या १८००११३०९० या मदत क्रमांकावर दाद मागता येते. परदेशात अडकलेल्यांसाठी मंत्रालयाची ‘मदद’ ही तक्रारनिवारण सेवा आहे. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे दिल्ली वा चंडीगडच्या कंपनीविरुद्धही कोथरूडच्या रहिवाशाला पुण्यातच दाद मागता येते. सल्लागार परदेशातील परवानाधारक असेल, तर त्याच्या नियामकाकडेही तक्रार नोंदवावी.

अर्जात खोटी माहिती गेल्याचे नंतर लक्षात आले, तर निकालाची वाट पाहत बसू नये. संबंधित देशाच्या कार्यालयाला स्वतःहून कळवून दुरुस्ती करावी. ऑस्ट्रेलियाने तर चुकीच्या उत्तरांची दुरुस्ती कळविण्यासाठी १०२३ क्रमांकाचा स्वतंत्र नमुनाच ठेवला आहे. या टप्प्यावर मात्र परवानाधारक सल्लागार वा वकिलाची मदत अवश्य घ्यावी. ज्याने घोळ घातला त्याच्याकडेच तो निस्तरण्यासाठी पुन्हा पैसे देऊ नयेत.

परदेशी शिकावे, नोकरी करावी, स्थायिक व्हावे, ही आकांक्षा गैर नाही. कोथरूडच्या कित्येक घरांनी ती रीतसर मार्गाने पूर्ण केली आहे. त्यासाठी घरातील आयुष्यभराची पुंजी बाहेर काढण्यापूर्वी सल्लागाराचे नाव, त्याचा क्रमांक आणि त्या देशाची नोंदवही या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. नाव नोंदवहीत सापडले, तर पुढची बोलणी करावीत. सापडले नाही, तर चहा पिऊन उठावे. धनादेशपुस्तिका पिशवीतच राहू द्यावी.